रंग ओळखू न येणारा कारखानदार

यंदा गॅदरिंगच्या कमिटीने बॅनर, टी-शर्ट आणि पत्रिकेचे रंग ठरवायचं काम माझ्या गळ्यात टाकलं. तिन्ही गोष्टी पाहताच एकाच घरच्या वाटल्या पाहिजेत, एवढीच अट. मी हो म्हणालो खरा, पण रात्री झोप लागेना. कारण मला लाल आणि हिरवा नीट वेगळे दिसत नाहीत. दारव्हा तालुक्यात आमच्या शेतात मिरचीचा तोडा असला की माझ्या टोपलीत हमखास लाल-हिरव्याची मिसळ व्हायची. घरी सगळे हसायचे. होस्टेलवर मात्र मी हे कुणाला कळू दिलं नव्हतं, अगदी रूममेटलासुद्धा.

त्याच आठवड्यात लायब्ररीत लक्ष्मणराव किर्लोस्करांचं चरित्र हाती लागलं. नाव पंपावर रोज वाचलेलं, माणूस माहीत नव्हता.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. शाळेत मन रमेना. नाद दोनच, चित्रं आणि यंत्रं. १८८५ मध्ये थोरले बंधू रामूअण्णांच्या आधाराने ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तिथे शिकताना कळलं की त्यांना काही रंग ओळखताच येत नाहीत. चित्रकार व्हायला आलेल्या पोराला याहून मोठा धक्का कोणता? पण रंग सुटले तरी रेघ सुटली नाही. ते यांत्रिक ड्रॉइंग शिकले आणि मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. बढतीत डावललं गेल्यावर नोकरी सोडून बेळगावला आले. तिथे सायकलींचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन विषारी होते असं शेतकऱ्यांना वाटे, त्यामुळे सुरुवातीला नांगर खपेनात.

पुढे बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी पाठीशी उभे राहिले. हे राजे स्वतः चित्रकार! १९१० मध्ये त्यांच्या संस्थानात, कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. पहिल्या महायुद्धात कोळसा, लोखंड आणि रंग, तिन्हींची टंचाई झाली, तरी कारखाना थांबला नाही. १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघालं. ते चालवलं पुतणे शंकरराव यांनी, आणि तेही चित्रकार. म्हणजे ज्या माणसाला रंग धड दिसत नव्हते, त्याच्या कारखान्याचं नाव मराठी घराघरांत पोचवायला रंगांची जाण असलेला घरचाच माणूस होता. लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ ला गेले.

पुस्तक मिटलं आणि रूममेटला उठवून सगळं सांगून टाकलं. तो हसला नाही. त्याने आधी लाल-हिरवी जोडी निवडली होती. मी तिची झेरॉक्स काढून आणली. दोन्ही रंग सारखेच करडे, अक्षरं गायब! मग नियम ठरला: झेरॉक्सवर जे वाचता येईल तेच घ्यायचं. गडद निळा सगळ्यात जास्त, मधे पांढरी मोकळी जागा, आणि पिवळा फक्त तारीख-वेळेपुरता. चौथा रंग नाही. छटा त्याने निवडल्या, उजेड-अंधार मी तपासला.

पत्रिका नोटीस बोर्डावर लागली तेव्हा फर्स्ट इयरचा एक जण हळूच येऊन सांगून गेला, की या वर्षीची त्याला कुणाला न विचारता वाचता आली.

तेव्हा दोस्तांनो, कुणाला लाल-हिरवा नीट दिसत नसेल, तर लाजू नका. पुढच्या वर्षी कमिटीत या. तुमची गरज आहे.