फोटोतलं घड्याळ गायब करणारा माणूस

१९१० सालचा एक फोटो आहे. अमेरिकेतल्या पिगन जमातीचे दोघे जण तंबूत बसलेत. मूळ फोटोत दोघांच्या मधे चक्क एक घड्याळ होतं. छापलेल्या फोटोत ते गायब!

ही करामत एडवर्ड कर्टिसची. सिएटलमध्ये त्याचा स्टुडिओ जोरात चालायचा. पण मूळ रहिवाशांचं जुनं जगणं संपत चाललंय, हे त्याच्या डोक्यात बसलं. १९०६ मध्ये बँकर जे. पी. मॉर्गनने ७५ हजार डॉलर दिले. कर्टिसने त्यातून स्वतःला पगारही घेतला नाही. ८० हून जास्त जमाती, सुमारे ४० हजार फोटो, २० खंड. शेवटचा खंड १९३० मध्ये आला, तोवर संसार मोडला होता आणि स्टुडिओ घटस्फोटात बायकोकडे गेला होता.

पण कपड्यांचा घोळ आहेच. रोज शर्ट-पँट घालणाऱ्यांना तो पारंपरिक पोशाख करायला लावायचा, कधी आपल्याजवळचेच कपडे द्यायचा. त्यामुळे ते मणीकाम, ते पिसांचे टोप जरा जपूनच बघावेत. चेहरे मात्र खरे. आज त्यांची पतवंडं त्यात आपली माणसं शोधतात.

१९५२ मध्ये कर्टिस लॉस एंजेलिसमध्ये वारला, तेव्हा जग त्याला जवळपास विसरलं होतं.