बहिणाबाईंचा चैत्र-वैशाख

चैत्र लागला की आमच्या खानदेशात ऊन आणि बायकांची कामं, दोन्ही एकदमच वाढतात. वसंत ऋतू म्हटलं की पुस्तकांमधून मोगरा येतो, कोकिळा येते, वाळा घातलेलं गार पाणी येतं. ते आमच्याकडेही असतं बरं का, नाही असं नाही. पण त्याच्या आधी येतात बिबड्या, कुरडया, उडदाचे पापड, वर्षाच्या गव्हाची निवडण आणि डाळी-मिरच्यांची वाळवणं. या दिवसांत मला हमखास आठवतात त्या बहिणाबाई चौधरी. त्यांच्या कविता शाळेत आपण सगळ्याजणींनी पाठ केल्यात. पण मला कवयित्रीपेक्षा त्यांच्यातली घर-शेत ओढणारी बाई जास्त जवळची वाटते. त्या बाईचा वसंत कसा होता, ते आज सांगावंसं वाटलं.

बहिणाचा जन्म १८८० सालच्या नागपंचमीचा. गाव असोदे, जळगावपासून अगदी जवळ. वडील उखाजी महाजन, आई भिमाई. घरचं खाऊन-पिऊन सुखी, शेतीवाडीचं. तीन भाऊ, तीन बहिणी. भावांची नावं घमा, गना आणि घना! भिमाईने कुणा एकाला हाक मारली की तिघंही धावत येत असतील, असं माझ्या मनात येतं आणि हसू फुटतं. शाळेचा मात्र प्रश्नच नव्हता. त्या काळी मुलीच्या हातात पाटी कोण देणार? अक्षरओळख झाली नाही ती शेवटपर्यंत. कानावर पडलेल्या ओव्या, कीर्तनं, म्हणी आणि भोवतालचं शिवार, एवढीच काय ती शाळा.

तेराव्या वर्षी लग्न झालं आणि बहिणा जळगावच्या चौधरींच्या घरी आली. नवरा नथुजी खंडेराव चौधरी. असोदं ते जळगाव हे अंतर आज रिक्षाने चुटकीसरशी जातं. पण सासुरवाशिणीचं माहेर किलोमीटरमध्ये मोजायचं नसतं, हे तुम्हाला मी काय सांगायचं! दोन गावांमधल्या त्या वाटेवरही त्यांनी गाणी केली. ठेच लागली तरी ती वाट त्यांना मऊच वाटत असणार.

आता वसंतातली त्यांची कामं बघा. पहाटे उठून जात्यावर दळण. जात्याला त्यांच्या बोलीत घरोट म्हणतात. मग चूल. ती पेटता पेटत नाही, धूर डोळ्यांत जातो, हा वैतागही त्यांच्या गाण्यात आलाय. गॅसच्या बटणावर स्वयंपाक करणाऱ्या आपण, लाइटर दोनदा चालला नाही तरी करवादतो. घरचं आवरलं की शेत. फाल्गुन-चैत्रात रब्बीचा माल निघतो, गहू, दादर, हरभरा. मळणी झाली की उपणणी. तिवईवर उभं राहून पाटीतलं धान्य वाऱ्यावर सोडायचं, दाणे खाली पडतात, भूस उडून जातं. पण त्यासाठी वारा हवा ना! आणि तो नेमका हवा तेव्हा पडतो. उन्हात पाटी धरून हात भरून येतात आणि पान हलत नाही. अशा वेळी बहिणाबाई वाऱ्याला हाक मारतात ती मारुतीचा बाप म्हणून. वायुपुत्र मारुती, म्हणजे वारा त्याचा बापच झाला की! मारुतीचं नाव काढलं तर बाप लाजेकाजेस्तव तरी येईल, असा तो बायकी हिशेब. पोथी कधी हातात न धरलेल्या बाईने पुराणातली गोष्ट खळ्यात कशी कामाला लावली बघा.

आणि त्या कामातून मान वर केली की त्यांना जे दिसायचं, ते आपल्याला का दिसत नाही, याचा मी पुष्कळदा विचार करते. उन्हाळ्याच्या तोंडाशी वडाला नवी हिरवी पानं येतात आणि त्यांच्यात लालभडक फळं लगडतात. आपण म्हणू, वड फळला. बहिणाबाईंना वाटलं, झाडाला पोपटांचं पीक आलंय. हिरवी पानं म्हणजे पंख आणि लाल फळं म्हणजे चोची! पीक हा शब्द शेतकऱ्याच्या बाईलाच सुचावा. जळगाव म्हणजे केळीचा मुलूख. वैशाखात वादळ सुटलं की केळीच्या रुंद, देखण्या पानांच्या चिंध्या होतात. शेजारी बांधावरच्या बाभळीचं इवलंसं पान मात्र साबूत राहतं. त्यांच्या गाण्यात बाभळीचं हे पान केळीच्या पानाशी बोलतं. कडुनिंबाची कडूजहर निंबोळी पिकून शेवटी गोड होते, त्यावरही त्यांची अशीच चार ओळींची रचना आहे. पाडव्याला त्याच निंबाची डहाळी गुढीला बांधायची, आणि गुढीच्या गाण्यात त्यांचं सांगणं काय, तर मनातली अढी सोडा. भाऊबंदकी, जावा-जावांची धुसफूस जवळून पाहिलेली ती बाई. उगाच नाही असं सांगत.

पण मला ज्याबद्दल जास्त बोलायचंय ती आखजी. घाटावरच्या मैत्रिणींसाठी सांगते, आखजी म्हणजे अक्षय्य तृतीया. तुमच्याकडे त्या दिवशी सोनं घेतात, आमच्याकडे लेकी माहेरी येतात. आमची दिवाळीच म्हणा ना. पितरांच्या नावाने मातीच्या घागरीत पाणी भरायचं, त्यावर खरबूज, आंबे, सांजोऱ्या ठेवायच्या. खापरावरची हातभर पुरणपोळी आणि आमरस. सालदाराचं सालही आखजी ते आखजी मोजतात. मुली गौराई बसवतात आणि निंबाच्या झाडाला दोर बांधून झोके घेतात. या झोक्याचं बहिणाबाईंचं गाणं तुम्ही ऐकलं असेल. वर गेलेला झोका माहेराला जातो आणि मागे येतो तो सासरी. दोन-तीन दिवसांची ती मोकळीक, डोक्यावरचा पदर उडाला तरी कुणी बोलणारं नाही, आणि सण सरला की पुन्हा घरोट, चूल, खळं. झोक्याला बसल्या जागी पुढे-मागे जायचं असतं, पोचायचं कुठेच नसतं. मला या गाण्यातला आनंद खरा वाटतो आणि त्यातली हुरहुरही.

१९१० साली नथुजी गेले. बहिणाबाई तीस वर्षांच्या. पदरात तीन मुलं, ओंकार, सोपान आणि काशी. प्लेगने त्या काळात घरंच्या घरं ओस पाडली होती. ओंकार त्यातून वाचला, पण कायमचं अपंगत्व घेऊन. तिशीतली विधवा म्हणजे त्या काळच्या समाजात काय, ते मी नव्याने लिहायला नको. सवाष्णींच्या चैत्रात तिचं स्थान बाजूलाच. आपल्याकडे हे अजून तरी पूर्ण कुठे संपलंय? हळदीकुंकवाच्या आमंत्रणाची यादी करताना आपली लेखणी कुठे अडखळते, ते प्रत्येकीने आपल्याशीच बघावं.

बहिणाबाईंनी मात्र या दुःखाकडेही त्याच शेतकरी नजरेने पाहिलं. कपाळावरचं कुंकू पुसलं गेलं, पण गोंदण कोण पुसणार? बांगड्या फुटल्या, पण मनगटातलं बळ थोडंच फुटलंय? सांत्वनाला आलेल्या आयाबायांना त्या उलट सांगतात, माझ्यासाठी रडू नका. हे वाचलं की वाटतं, बाई कणखर होती म्हणून आपण मोकळे होतो, पण तिला कणखर व्हायला भाग पाडणारेही आपणच होतो ना! त्या पुढे चाळीस वर्षं जगल्या. शेतात राबल्या, मुलं वाढवली. धाकटा सोपानदेव पुढे नावाजलेला कवी झाला.

जाता जाता सुगरणीचं सांगते, कारण तिच्याशिवाय बहिणाबाईंवरचा लेख पुरा होत नाही. चैत्रात विहिरीकाठच्या बाभळीवर लटकलेले दिसतात ते गेल्या सालचे वाळके खोपे. नवं विणकाम सुरू होतं पावसाच्या सुमाराला. बहिणाबाईंनी त्या विणणाऱ्या पाखरात पिलांसाठी जीव टांगणारी आई पाहिली. एवढ्याशा चोचीत ही कारागिरी, मग दोन हातांच्या माणसाने काय करावं, हा त्यांचा सवाल. पक्षीतज्ज्ञ मात्र सांगतात, खोपा विणतो तो नर! मादी येऊन तपासते आणि पसंत पडला तरच संसार मांडते. हे मी घरी मोठ्या उत्साहाने सांगितलं, तर आमच्या ह्यांनी पेपरातून डोकं न काढता नुसतं हूं केलं.

ही सगळी गाणी हवेतच विरायची होती. बहिणाबाई काम करता करता म्हणायच्या, लिहिणार कोण? सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी जमेल तेव्हा, जमेल तेवढी टिपून ठेवली. खळ्यात, जात्यावर, वाटेने चालताना म्हटलेली आणि कुणाच्याच कानी न पडलेली किती गेली असतील! ३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली. अत्रे हरखून गेले, त्यांनी पुस्तक काढायचा आग्रहच धरला आणि १९५२ साली त्यांच्या प्रस्तावनेसह बहिणाबाईंची गाणी छापून आली. १९६१ च्या मानिनी चित्रपटातून ती घरोघरी पोचली. २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव मिळालं. कधी शाळेची पायरी न चढलेल्या बाईचं नाव आता पदवीच्या कागदावर छापलं जातं.

जुन्या जळगावात चौधरी वाड्यात त्यांच्या वापरातल्या वस्तू जपून ठेवल्या आहेत. आखजीला जळगावकडे येणं झालं तर जरूर जा, लेकीलाही न्या. फक्त सकाळी लवकर निघा. वैशाखात बाराच्या पुढे जळगावचं ऊन कुणाची गय करत नाही.