संत थॉमस बेकेट : आर्चबिशप आणि रक्तसाक्षी

नाताळचा आनंद अजून ओसरलेला नसतो, गव्हाणीतील बाळ येशूसमोरचे दिवे तेवत असतात, आणि २९ डिसेंबर रोजी ख्रिस्तसभा आपल्यापुढे एका रक्तसाक्षीचे स्मरण ठेवते. हे रक्तसाक्षी म्हणजे कँटरबरीचे आर्चबिशप संत थॉमस बेकेट.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात त्यांच्या बलिदानाचे दृश्य कोरलेले अलाबास्टरचे मध्ययुगीन शिल्प आहे. अलाबास्टर हा संगमरवरासारखा दिसणारा, परंतु पुष्कळ मऊ दगड. चौदाव्या शतकाच्या मध्यापासून सोळाव्या शतकाच्या आरंभापर्यंत नॉटिंगहॅम व आसपासचे कारागीर त्यात संतचरित्रे कोरीत आणि वर रंग व सोनेरी मुलामा देत. वेदीमागील अशा फलकांवरून निरक्षर भाविकही श्रद्धेचा इतिहास वाचीत. थॉमस यांच्या फलकांवर संत वेदीपुढे गुडघे टेकून आहेत आणि मागे सरदारांनी तलवारी उगारल्या आहेत, असे दृश्य आढळते. त्या दगडामागील जीवन आम्ही येथे थोडक्यात सांगत आहोत.

थॉमस यांचा जन्म सुमारे ११२० साली लंडनमधील एका व्यापारी कुटुंबात झाला. आर्चबिशप थिओबाल्ड यांच्या सेवेत त्यांची हुशारी दिसून आली. ११५५ साली राजा दुसरा हेन्री याने त्यांना आपले चान्सलर नेमले. थाटमाट, शिकार आणि राजाची जिवलग मैत्री यांत त्यांचे दिवस जात होते. थिओबाल्ड यांच्या निधनानंतर आपला मित्रच आर्चबिशप झाला तर ख्रिस्तसभा आपल्या मुठीत राहील, असा राजाचा हिशेब होता. २ जून ११६२ रोजी थॉमस यांना गुरुदीक्षा मिळाली आणि दुसऱ्याच दिवशी बिशपपदाची दीक्षा.

राजाचा हिशेब चुकला. थॉमस यांनी चान्सलरपद सोडले आणि प्रार्थना व तपश्चर्या यांचा मार्ग धरला. ११६४ साली क्लॅरेंडन येथे राजाने आपले नियम पुढे केले. गुन्हेगार धर्मगुरूंना राजाच्या न्यायालयाने शिक्षा द्यावी, ही त्यांतील मागणी आज आपल्याला रास्त वाटेल. परंतु राजाच्या परवानगीवाचून पोपमहोदयांकडे दाद मागण्यासही त्यांत मनाई होती. दडपणाखाली थॉमस यांनी प्रथम होकार दिला. मग त्यांना तीव्र पश्चात्ताप झाला. त्याच वर्षी ते फ्रान्सला निघून गेले आणि सहा वर्षे परदेशात राहिले.

१ डिसेंबर ११७० रोजी ते परतले. परंतु राजाशी झालेला समेट वरवरचा होता. राजाचे संतप्त उद्गार ऐकून चार सरदार नॉर्मंडीहून निघाले. २९ डिसेंबरच्या सायंकाळी मठवासी कॅथेड्रलची दारे बंद करू लागले, तेव्हा देवाचे मंदिर हा किल्ला नव्हे, असे बजावून थॉमस यांनी ती उघडावयास लावली. तेथेच त्यांच्या मस्तकावर घाव पडले. त्यांना वाचवू पाहणाऱ्या एडवर्ड ग्रिम यांचा हातही जखमी झाला. भरजरी वस्त्रांची आवड असलेल्या ह्या माणसाच्या अंगावर मृत्यूनंतर केसांचे खरखरीत तपश्चर्यावस्त्र आढळले.

पोप तिसरे अलेक्झांडर यांनी २१ फेब्रुवारी ११७३ रोजी त्यांना संतपद बहाल केले. १२ जुलै ११७४ रोजी राजा हेन्री स्वतः अनवाणी कबरीपाशी आला आणि त्याने मठवासीयांकडून फटके सोसले.

पुढे १५३८ साली राजा आठवा हेन्री याने त्यांची समाधी उद्ध्वस्त केली आणि त्यांच्या प्रतिमा हटविण्याचा हुकूम काढला. धर्मसुधारणेच्या त्या काळात असंख्य अलाबास्टर मूर्ती फोडल्या गेल्या, तर कित्येक जहाजांतून परदेशी गेल्या. त्यांतून वाचलेले फलक आज आपल्याशी बोलतात.

थॉमस जन्मतः वीर नव्हते. ते एकदा डगमगले, पण तेथेच थांबले नाहीत. नोकरी, मैत्री वा मान टिकविण्यासाठी आपणही पुष्कळदा नको तेथे मान डोलावतो. अशा वेळी पश्चात्तापाने पुन्हा उभे राहण्याचे धैर्य आपल्याला लाभावे, म्हणून संत थॉमस यांच्या मध्यस्थीने आपण प्रार्थना करू या.