ढोंगावर हसणारा नाटककार

धर्माविषयी कुणी विनोद केला, की भाविकांचे मन दुखावते आणि विनोदकार आपल्या स्वातंत्र्याचा हवाला देतो. असा वाद उद्भवला, की आम्हांला फ्रान्सच्या मोलियेरची आठवण होते. देवलांच्या ‘संगीत संशयकल्लोळ’ला मनमुराद हसलेल्या मराठी रसिकांना तो अगदीच परका नाही, त्या नाटकाचे मूळ मोलियेरच्याच एका प्रहसनात आहे.

१५ जानेवारी १६२२ रोजी पॅरिसच्या सेंत युस्ताश चर्चमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला. मूळ नाव झाँ बातिस्त पोकलँ. वडील राजवाड्यातील गाद्या-पडद्यांची व्यवस्था पाहणारे सधन गृहस्थ. येशूसंघीय धर्मगुरूंच्या शाळेत तो शिकला. पण घरचा व्यवसाय सोडून १६४३ साली त्याने नाटकमंडळी काढली, कर्जापायी तुरुंग पाहिला, गावोगाव भटकून १६५८ मध्ये तो पॅरिसला परतला. पुढे राजा चौदावा लुई त्याच्यावर इतका प्रसन्न झाला, की १६६४ साली त्याच्या पहिल्या मुलाचा धर्मपिताही झाला.

त्याच वर्षी, १२ मे रोजी, वर्सायच्या राजवाड्यात ‘तार्त्युफ’चा प्रयोग झाला. एक भोंदू भक्त एका धनिकाच्या घरात शिरतो. त्याच्या प्रार्थनेला भुलून घरधनी आपली मालमत्ता त्याच्या नावे करतो, मुलगीही देऊ करतो. आणि हा मात्र घरधन्याच्या पत्नीवरच डोळा ठेवतो! अखेर ती चतुर स्त्री पतीला टेबलाखाली लपवून भोंदूचे खरे बोल त्याच्या कानी घालते. राजाला नाटक आवडले. परंतु पॅरिसच्या आर्चबिशपांच्या आग्रहावरून जाहीर प्रयोगांना बंदी आली. एका धर्मगुरूंनी तर नाटककाराला जिवंत जाळावे, असे पुस्तिकेत लिहिले.

विरोधकांचे म्हणणे अगदीच पोकळ नव्हते, हे आम्ही मान्य करतो. खरा भक्त आणि ढोंगी भक्त दोघेही सारखेच गुडघे टेकतात. रंगमंचावर एकाला हसलेला प्रेक्षक चर्चमध्ये दुसऱ्याला हसणार नाही कशावरून? मोलियेरनेही ही शंका झटकून टाकली नाही. १६६७ साली त्याने पात्राचे नाव बदलले, त्याच्या अंगी धर्मगुरूसारखा दिसणारा वेश होता तो उतरवून सरदारी थाट चढवला. अंतिम रूपात तर भोंदू तिसऱ्या अंकापर्यंत येतच नाही; आधीचे दोन अंक प्रेक्षकाला सावध करण्यात जातात. तरीही १६६७चा तो प्रयोग एका दिवसात बंद पडला, आणि नाटक पाहणाऱ्यालाच नव्हे, तर वाचणाऱ्याला व ऐकणाऱ्यालाही आर्चबिशपांनी धर्मबहिष्काराची ताकीद दिली. परुश्यांना चुना फासलेल्या कबरा म्हणणाऱ्या प्रभूच्या सेवकांना ढोंगावरचा फटका स्वतःला का झोंबावा, हे कोडे आम्हांला आजही सुटत नाही. ५ फेब्रुवारी १६६९ रोजी बंदी उठली आणि नाट्यगृह तुडुंब भरले.

१७ फेब्रुवारी १६७३ रोजी आजाराचे सोंग वाटावे अशा रोग्याची भूमिका करताना खरोखरच आजारी असलेल्या मोलियेरला झटका आला. प्रयोग कसाबसा पुरा करून तो घरी आला. आश्रयाला आलेल्या दोन धर्मभगिनी त्याच्या उशाशी होत्या. त्याने धर्मगुरूंना बोलावणे धाडले. सेंत युस्ताशच्या, म्हणजे त्याच्या बाप्तिस्म्याच्याच धर्मग्रामातील दोन धर्मगुरूंनी येण्यास नकार दिला. त्या काळी नटाने आपला पेशा नाकारल्याशिवाय त्याला संस्कार मिळत नसत. आम्ही स्वतः धर्मगुरू असल्याने त्या दोन नकारांपाशी आमचे वाचन दर वेळी थांबते. तिसरे धर्मगुरू उठून आले, पण तोवर प्राण गेला होता.

ख्रिस्ती दफनही नाकारले गेले. गेल्या ईस्टरला पतीने पवित्र कम्युनियन स्वीकारले होते, हे सांगत त्याच्या पत्नीने आर्चबिशपांकडे अर्ज केला, राजाचे पाय धरले. अखेर परवानगी मिळाली: सूर्यास्तानंतर, केवळ दोन धर्मगुरू, चर्चमध्ये कोणताही विधी नाही. २१ फेब्रुवारीच्या रात्री सेंत जोसेफ दफनभूमीत त्याला मातीआड करण्यात आले.