वसईचे विजेते चिमाजी अप्पा

वसई गाव मागे टाकून किल्लाबंदराच्या वाटेने निघाले, म्हणजे ताडामाडांच्या दाटीतून एक काळवंडलेला तट दिसू लागतो. आत शिरावे तो छप्परे नाहीशी झालेली उंच चर्चे, पडके वाडे आणि भिंतींत रुजलेली झाडे. या तटाच्या तीन बाजूंस पाणी व दलदल असून केवळ उत्तरेकडून जमिनीची वाट आहे. त्या अरुंद वाटेवर १७३९ साली तीन महिने मराठ्यांचे सैन्य मोर्चे लावून बसले होते. त्याचे सेनापती होते चिमाजी अप्पा. आज किल्ल्यात त्यांचा पुतळा उभा आहे.

चिमाजी अप्पा हे पेशवे बाळाजी विश्वनाथ व राधाबाई यांचे धाकटे चिरंजीव. त्यांचा जन्म १७०७ च्या सुमाराचा. १७२० साली वडील वारले आणि थोरले बंधू बाजीराव यांना पेशवेपद मिळाले. तेव्हापासून अप्पांनी बंधूंच्या पाठीशी उभे राहणे हेच आपले कर्तव्य मानले. बाजीराव दूरदेशी स्वारीवर असत, तेव्हा पुण्याचा कारभार, साताऱ्यास शाहू महाराजांच्या दरबारातील कामे व सावकारांची तगादेवसुली या साऱ्याचा भार धाकट्यावर पडे. त्यांची प्रकृती नाजूक होती. तरी प्रसंग पडला म्हणजे ते रणांगणातही मागे राहिले नाहीत. १७२८ च्या नोव्हेंबरात माळव्यात अमझेरा येथे त्यांनी मोगलांचा सुभेदार गिरिधर बहादूर याचा पराभव केला. गिरिधर व त्याचा सहकारी दया बहादूर दोघेही त्या लढाईत पडले. पुढे १७३६ च्या एप्रिलमध्ये कुलाब्यात रेवसनजीक सिद्दी सात यास त्यांनी ठार केले. याच सिद्दीने चिपळूणजवळचे परशुरामाचे देवस्थान उद्ध्वस्त केले होते.

घरचे सुख मात्र त्यांच्या वाट्यास थोडेच आले. १७३० च्या ऑगस्टमध्ये पुत्र सदाशिव जन्मला आणि थोड्याच दिवसांत पत्नी रखमाबाई निवर्तल्या. मातेवाचून पोरके झालेले ते मूल आजी राधाबाईंनी वाढविले. पानिपतावर पडलेले सदाशिवरावभाऊ ते हेच.

आता वसईकडे वळू. १७३४ साली वसईस पोर्तुगिजांच्या ताब्यास दोनशे वर्षे पूर्ण झाली होती. वसई हे त्यांच्या उत्तर फिरंगाणाचे मुख्य ठाणे. येथील व साष्टीतील अनेक देवळे त्यांनी पाडली होती, आणि ज्यांनी आपला धर्म सोडला नाही त्यांना पूजाअर्चा व लग्नमुंजी उघडपणे करणे दुरापास्त झाले होते. मालाडचे अंताजी रघुनाथ कावळे, अंजूरचे गंगाजी नाईक व त्यांचे बंधू यांनी पेशव्यांकडे जाऊन ही दुःखे सांगितली. १७३७ च्या मार्चमध्ये मोहीम सुरू झाली. ठाणे व अर्नाळा हाती आले, परंतु वसई आली नाही. त्या वर्षीचा हल्ला परतवला गेला.

पुढच्या वर्षाअखेर अप्पा पुन्हा कोकणात उतरले. या वेळी त्यांनी घाई केली नाही. आधी केळवे-माहीम, डहाणू, तारापूर अशी भोवतालची ठाणी घेऊन वसई एकटी पाडली. तारापूरच्या तटावर बाजी भिवराव रेठरेकर गोळी लागून पडले. एवढ्या धामधुमीतही अप्पांनी त्यांच्या मातेस सांत्वनाचे पत्र पाठविले. सेनापतीच्या पराक्रमाइतकाच हा प्रसंग मला महत्त्वाचा वाटतो.

फेब्रुवारीत वेढा पडला. तोफांनी तट ढासळेना, म्हणून मराठ्यांनी सुरुंग खणण्यास आरंभ केला. वरून दगड, बाण, दारूचे गोळे यांचा वर्षाव होई. पोर्तुगिजांचा सेनापती सिल्वेरा वेढ्यात मारला गेला, तरी किल्ला हटेना. पावसाळा तोंडावर आला होता. तो लागल्यास वेढा उठवावाच लागला असता. तेव्हा अप्पा आपल्या सरदारांस म्हणाले की, किल्ला घेता येत नसेल तर माझे मस्तक तोफेच्या तोंडी बांधून उडवा, म्हणजे तेवढे तरी वसईत पडेल, अशी आख्यायिका आहे. मे महिन्यात सुरुंग उडाले. एक सुरुंग उशिरा उडाल्याने भगदाडात शिरलेले मराठेच त्यात सापडले. तथापि मागचे लोक पुढे आलेच. मेलेले व जखमी मिळून मराठ्यांकडील सुमारे ५००० माणसे या युद्धात कामी आली.

अखेर पोर्तुगिजांनी शरणागतीची बोलणी लावली. एवढी माणसे गमावलेला सेनापती या वेळी सूड उगवता, तर त्या काळात कोणास नवल वाटले नसते. अप्पांनी तसे केले नाही. शत्रूच्या सैन्यास शस्त्रे, निशाणे व वाद्ये यांसह बाहेर पडू दिले. कुटुंबे व चीजवस्तू नेण्यास आठ दिवसांची मुदत दिली. जे ख्रिस्ती रहिवासी मागे राहतील त्यांना आपल्या धर्माप्रमाणे वागण्याची मोकळीक दिली. ज्या मोकळिकीसाठी युद्ध मांडले, तीच त्यांनी जिंकलेल्यांस नाकारली नाही. वसईच्या बागाईत भागात आजही देवळांच्या व चर्चच्या घंटा एकाच सकाळी ऐकू येतात.

विजयाचे वर्तमान अप्पांनी ब्रह्मेंद्रस्वामींना लिहून कळविले. वेढ्यापूर्वी वज्रेश्वरी देवीस नवस बोलल्याचे परंपरा सांगते. त्याप्रमाणे तानसेच्या काठच्या टेकडीवर सुभेदार शंकराजी केशव यांनी देऊळ उभारले. वसईच्या काही घंटा भीमाशंकर, नाशिकचे नारोशंकर व वाईजवळील मेणवली येथे पोहोचल्या.

वर्ष लोटले नाही तोच घरात विपरीत घडू लागले. मस्तानीच्या प्रकरणात अप्पांनी पुतण्या नानासाहेबांसह कठोर पवित्रा घेऊन तिला नजरकैदेत ठेवले. कुळाच्या लौकिकासाठी त्यांनी हे केले असेल, परंतु बंधूंच्या मनास त्यामुळे जी जखम झाली ती कोणत्याही इतिहासकारास झाकता येत नाही. १७४० च्या २८ एप्रिलला नर्मदेकाठी रावेरखेडी येथे बाजीराव अकस्मात वारले. भेट होऊन मने मोकळी करण्यास अवसर मिळाला नाही.

शोक आवरून अप्पा नानासाहेबांना घेऊन साताऱ्यास गेले. पेशवेपदावर स्वतःचा हक्क सांगण्याचा विचार त्यांनी मनात आणला नाही. जूनमध्ये पुतण्यास वस्त्रे मिळाली. त्यानंतर त्यांची प्रकृती ढासळतच गेली आणि १७ डिसेंबर १७४० रोजी, बंधूंच्या मागोमाग आठ महिन्यांच्या आत, त्यांनी देह ठेवला. दहा वर्षांचा सदाशिव पुन्हा आजीच्या पदराखाली आला. पुण्यास मुठेच्या काठी, ओंकारेश्वराच्या देवळाजवळ, अप्पांची समाधी आहे.