पंडिता रमाबाई : धर्मापासून ख्रिस्तापर्यंत

मंडळीच्या नोंदवहीत स्त्रियांची नावे पुष्कळ असतात. कोणी नवऱ्याबरोबर बाप्तिस्मा घेतलेली, कोणी सासऱ्याच्या पाठोपाठ आलेली, कोणी ख्रिस्ती घरात जन्मली म्हणून ख्रिस्ती म्हणविणारी. त्या उपासनेस येतात, गीते गातात, पदरच्या मूठभर धान्याचे दानही आणतात. परंतु प्रभूने तुला स्वतःला काय दिले, असे एखादीस विचारले तर ती उत्तरासाठी घरधन्याच्या तोंडाकडे पाहते. अशा भगिनींस, आणि त्यांस शिकविणाऱ्या उपदेशक बंधूंस, पंडिता रमाबाईंचे चरित्र विशेष उपयोगी आहे. बाईंची विद्वत्ता ऐकून त्या आपल्याहून फार दूरच्या वाटतात. तथापि ज्या प्रश्नाने त्यांस आयुष्याची तेहतीस वर्षे स्वस्थ बसू दिले नाही तो प्रश्न आपल्या घरातलाच आहे. देवापुढे मी कोण, आणि मी कोणाची?

रमाबाईंचा जन्म ता. २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे कोकणस्थ ब्राह्मण व मोठे संस्कृत पंडित होते. तरुणपणी त्यांनी आपल्या गुरूंस पेशव्यांच्या वाड्यात राणीस संस्कृत शिकविताना पाहिले, आणि तेव्हापासून स्त्रियांस विद्या द्यावी हे त्यांच्या मनाने घेतले. पत्नी लक्ष्मीबाई यांस त्यांनी स्वतः शिकविले. त्याबद्दल जातीतील शास्त्रीमंडळींचा रोष पत्करला, पण माघार घेतली नाही. त्याच मातेने पहाटेच्या वेळी लहानग्या रमेकडून पुराणे पाठ करून घेतली. भागवताचे अठरा हजार श्लोक मुलीच्या मुखोद्गत झाले.

हे कुटुंब तीर्थोतीर्थी फिरत असे. पुराण सांगावे, जे मिळेल त्यावर राहावे आणि पुण्यासाठी दानधर्म करावा, असा त्यांचा क्रम होता. पुढे मद्रास इलाख्यात भयंकर दुष्काळ पडला. जवळचा पैसा सरला, भांडी विकली, दागिने विकले. भीक मागण्याची लाज, आणि अंगमेहनतीचे काम कोणी कधी शिकलेले नाही, अशा कोंडीत ती विद्वान माणसे रानातील पाला खाऊन दिवस काढू लागली. अखेर मुलगा श्रीनिवास याने कुळाचा अभिमान सोडून मजुरी करण्याचे ठरविले. परंतु तोपर्यंत उशीर झाला होता. प्रथम वडील, मग आई, मग वडील बहीण, अशी तिघे काही महिन्यांच्या अंतराने गेली. उपासमारीचा हा अनुभव बाईंच्या हाडांत राहिला. पुढे त्यांनी हजारो मुलींस हाताचे काम शिकविले त्याचे मूळ येथे आहे.

उरलेली बहीणभावंडे हजारो मैल पायी चालत उत्तरेकडे गेली व १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेऊन तिला पंडिता आणि सरस्वती अशा पदव्या दिल्या. शहरभर नाव झाले. याच शहरात ती दोघे पहिल्यानेच एका ख्रिस्ती सभेस गेली. प्रार्थनेच्या वेळी सर्व लोक खुर्च्यांकडे तोंड करून गुडघे टेकू लागले. हे लोक खुर्च्यांची पूजा करतात, असे त्या भावाबहिणीस वाटले! कोणी त्यांस संस्कृत बायबल भेट दिले, पण त्यातील भाषा व विचार इतके निराळे होते की वाचून काही उमगेना. देव आपल्या माणसाची वाट पाहतो, आणि ती वाट कधी कधी लांब असते.

कलकत्त्याच्या थोर मंडळींनी बाईंस विनंती केली की, पडद्यातील स्त्रियांस शास्त्राप्रमाणे स्त्रीधर्म सांगावा. त्यासाठी बाईंनी धर्मशास्त्रे लक्षपूर्वक वाचली. तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की, या ग्रंथांत इतर शेकडो गोष्टींवर मतभेद आहेत, परंतु एका गोष्टीवर एकमत आहे. स्त्रीस, मग ती उच्च कुळातली असो की हलक्या, पुरुषाप्रमाणे मोक्षाचा अधिकार नाही. पतीची सेवा करावी आणि पुढल्या जन्मी पुरुष व्हावे, एवढीच तिची आशा. ज्या ग्रंथांच्या बळावर त्या पंडिता झाल्या होत्या, त्याच ग्रंथांत स्वतःच्या आत्म्यास जागा नाही, हे त्यांस दिसले. लोकांनी दिलेली पदवी मस्तकावर होती, आणि अंतःकरण रिते होते.

१८८० साली भाऊ श्रीनिवास वारला. त्याच वर्षी बाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केले. ते ब्राह्मण नव्हते, म्हणून दोघांसही वाळीत टाकण्यात आले. आसामातील सिल्चर येथे त्यांचा संसार होता. तेथे घरच्या पुस्तकांत बाईंस बंगाली भाषेतील लूककृत शुभवर्तमानाची लहानशी प्रत सापडली. ॲलन नावाचे बाप्तिस्त मिशनरी घरी येऊन उत्पत्तीच्या पुस्तकातील जगनिर्मितीची कथा समजावून सांगत. बाईंस ती फार आवडली. पतीस मात्र पत्नीने त्या तुच्छ मानलेल्या ख्रिस्ती समाजात जावे हे मुळीच पसंत नव्हते. हा विषय चालू असतानाच १८८२ च्या फेब्रुवारीत महामारीने पतीचा अंत झाला. तेविसाव्या वर्षी बाई विधवा झाल्या. मांडीवर मनोरमा नावाची एक वर्षाचीही न झालेली मुलगी होती.

कन्या, पंडिता, पत्नी आणि आता विधवा. एकेका नावाने समाजाने त्यांस ओळखले, आणि एकेक नाव मृत्यूने किंवा लोकरीतीने काढून घेतले. पुण्यास येऊन त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला. त्याच वर्षी हंटर साहेबांच्या शिक्षण कमिशनपुढे साक्ष देऊन, स्त्रियांसाठी स्त्री शिक्षिका व स्त्री डॉक्टर पाहिजेत, असे निर्भयपणे सांगितले. मग वैद्यकी शिकण्याच्या हेतूने १८८३ साली त्या विलायतेस गेल्या. कानाने कमी ऐकू येत असल्यामुळे ती विद्या त्यांस मिळाली नाही. परंतु देवाने त्यांस दुसऱ्याच शाळेत घातले.

वाँटेज गावच्या ख्रिस्ती भगिनींकडे त्या उतरल्या होत्या. त्या भगिनींनी त्यांस लंडनजवळ फुलम येथे आपले एक काम पाहण्यास पाठविले. तेथे पतित स्त्रियांस आसरा दिलेला होता. ज्यांस समाजाने उंबऱ्याबाहेर फेकले होते, त्याच स्त्रिया आता रोगी व अपंग यांची मायेने शुश्रूषा करीत होत्या. बाईंनी असे कधी पाहिले नव्हते. ख्रिस्ती लोक अशा स्त्रियांची इतकी काळजी का घेतात, असे त्यांनी विचारले. त्यावर एका भगिनीने योहानकृत शुभवर्तमानाचा चौथा अध्याय काढून शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविली. विहिरीवर आलेली परजातीची, पाच नवरे झालेली, गावाने टाकलेली स्त्री! तिच्या हातचे पाणी प्रभू मागतो, तिच्याशी देवाच्या भक्तीविषयी बोलतो, आणि मी ख्रिस्त आहे हे गुज तिच्यापाशी प्रगट करतो. मग तीच गावास बोलावणे करते. शास्त्रांत शोधून न सापडलेली जागा बाईंस त्या विहिरीच्या काठी सापडली. हिंदुस्थानच्या आणि सर्व देशांच्या स्त्रियांस उचलून धरणारा हाच एक, अशी त्यांची खात्री झाली. पुण्यातील फादर नेहेम्या गोरे यांच्या लिखाणाने त्यांच्या उरलेल्या शंका फिटल्या, आणि ता. २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

ख्रिस्ती झाल्याने त्या कोणा साहेबाच्या झाल्या नाहीत. त्यांनी शाकाहार सोडला नाही, लुगडे सोडले नाही. विलायतेतील धर्मगुरूंनी अमुकच मानावे असा आग्रह धरला, तेव्हा एका दास्यातून सुटलेली मी आपली विवेकबुद्धी दुसऱ्याच्या हाती देणार नाही, असे त्यांनी आदराने पण स्पष्ट कळविले.

पुढे अमेरिकेस जाऊन त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक लिहिले, आणि तेथील मित्रांच्या मदतीने ता. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदासदन उघडले. आरंभी मुली दोनच होत्या. त्यांपैकी गोदूबाई ही बालविधवा पुढे धोंडो केशव कर्वे यांची पत्नी झाली. पुढे सदन पुण्यास आले. लोक वाहवा करीत होते.

आता वाचकहो, येथे थोडे थांबा. बाप्तिस्मा झाला होता, मोठे काम चालू होते, नाव दोन खंडांत पसरले होते. तरी बाईंच्या मनास शांती नव्हती. १८९१ च्या सुमारास हॅस्लम नावाच्या एका इंग्रज पाळकाचे आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आले. तो मनुष्य वर्षानुवर्षे पाळकपण करीत होता, आणि त्यानंतर त्यास स्वतःच्या तारणाची ओळख पटली. ते वाचून बाई चपापल्या. आठ वर्षांपूर्वी आपणांस ख्रिस्ती धर्म मिळाला, परंतु धर्माचा प्राण जो ख्रिस्त तो आपण अजून धरलेला नाही, असे त्यांस दिसून आले. मग पंडितपण व सत्कर्मे बाजूस ठेवून, एका पापी स्त्रीने यावे तशा त्या प्रभूपाशी आल्या, आणि मुलास बापाच्या घरी वाटावे तसे समाधान त्यांस लाभले. या वेळी कोणी नवी पदवी दिली नाही, वर्तमानपत्रांत काही छापून आले नाही. पण मी कोणाची, या प्रश्नास उत्तर मिळाले होते.

त्या उत्तराची परीक्षाही लवकरच झाली. बाई रोज आपल्या खोलीत प्रार्थना करीत आणि दार उघडे असे. काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. यावरून १८९३ साली पुण्यात वादळ उठले. सल्लागार मंडळींनी अंग काढून घेतले, पालकांनी पुष्कळ मुली काढून नेल्या, काल स्तुती करणाऱ्यांनी आज निंदा आरंभिली. पूर्वीच्या रमाबाई कदाचित खचल्या असत्या. आता लोकांनी दिलेल्या नावावर त्यांचे जगणे अवलंबून नव्हते. त्यांनी दार लावून घेतले नाही.

१८९६ साली मध्यप्रांतात दुष्काळ पडला. बाईंस आपले बालपण आठवले. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि शेकडो अनाथ मुली व विधवा घेऊन आल्या. पुण्याच्या पूर्वेस केडगाव येथे त्यांची जमीन होती, तेथे मुक्तिसदन उभे राहिले. १९०० साली गुजरातेत दुष्काळ पडल्यावर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. या मुली पंडितांच्या नव्हत्या, खेड्यापाड्यांतील सर्व जातींच्या होत्या. त्यांस अक्षर शिकविले, तसेच विणकाम, शिवण, शेती, गाईगुरे, तेलाची घाणी, छापखाना अशी कामेही शिकविली. पतित स्त्रियांसाठी कृपासदन झाले. आंधळ्या मुलींस मनोरमाबाईंनी बोटांनी वाचावयास शिकविले. १९०५ साली तेथे प्रार्थनेतून मोठी आत्मिक जागृती झाली, आणि मुलींच्या टोळ्या आसपासच्या गावी शुभवर्तमान सांगू लागल्या.

बाईंचे शेवटचे मोठे काम म्हणजे मराठी बायबल. शिकलेल्यांच्या मराठीतील पवित्र शास्त्र आपल्या खेडवळ मुलींस कळत नाही हे पाहून, उतारवयात त्या इब्री व ग्रीक शिकल्या. अठरा हजार संस्कृत श्लोक पाठ असलेल्या या बाईंनी जड संस्कृत शब्द वेचून दूर सारले आणि साध्या भाषेत सर्व शास्त्र उतरविले. अक्षरे जुळविणे, छापणे, बांधणे ही कामे मुक्तिसदनातील स्त्रियांनीच केली. मध्यंतरी १९२१ साली मनोरमाबाई वारल्या. एकुलती एक मुलगी, आणि तिच्याच हाती सर्व सोपवावयाचे होते. तरी लेखणी थांबली नाही. भाषांतर पुरे करून ता. ५ एप्रिल १९२२ रोजी बाई प्रभूमध्ये निजल्या. संपूर्ण छापील बायबल १९२४ साली बाहेर आले. केडगावचे मुक्तिसदन आजही चालू आहे.

उपदेशक बंधूंनो, बाप्तिस्मा ही वाट आहे, मुक्काम नव्हे, हे स्त्रियांस शिकवा. कुटुंबाचा झाला म्हणून तिचा झाला, असे समजू नका. तिला अक्षर शिकवा, तिच्या हातात शास्त्र द्या, आणि साक्षीच्या सभेत तिला तिच्या स्वतःच्या नावाने हाक मारा. आणि भगिनींनो, तुम्ही कोणाची मुलगी, कोणाची पत्नी, कोणाची आई असाल, त्यात काही उणे नाही. परंतु विहिरीवर जो थांबला होता त्यास तुमचे नवऱ्याच्या मागचे नाव पुरत नाही. तो तुमच्याशी बोलू इच्छितो. एवढी पंडिता आठ वर्षे ख्रिस्ती राहून मग त्याच्यापाशी आली, आणि त्याने तिला उशीर झाला असे म्हटले नाही.