फलक आणि खंजिरी

गेल्या वर्षी आमच्या विद्यार्थी मंडळाने चार गावांत शाखा काढल्या. फलक लागले, हारतुरे झाले, भाषणेही झाली. दिवाळीनंतर मी पुन्हा फिरलो तेव्हा तीन गावांत फक्त फलक उरले होते. चौथ्या गावात मात्र मुले रोज जमत होती. गुरुदेव सेवा मंडळाची सायंप्रार्थना आटोपली की त्याच सतरंजीवर आमचा अभ्यासवर्ग भरे. त्या दिवसापासून राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे चरित्र मी निराळ्या दृष्टीने वाचू लागलो.

अमरावती जिल्ह्यातील यावली या खेड्यात ३० एप्रिल १९०९ रोजी एका गरीब घरात माणिक बंडोजी इंगळे जन्मले. शिक्षण जेमतेम तिसरीपर्यंत. वरखेडच्या आडकोजी महाराजांना त्यांनी गुरू मानले. पुढे सालबर्डी, रामटेक, आणि आपल्या चिमूर तालुक्यातील गोंदोडा येथील रानात त्यांनी साधना केली. पण ते रानात रमून राहिले नाहीत. हाती खंजिरी घेऊन गावात आले आणि देवाच्या भजनातच व्यसन, अस्पृश्यता, अस्वच्छता यांवर बोलू लागले. १९३५ साली मोझरीस गुरुकुंज आश्रम उभा राहिला. १९३६ मध्ये सेवाग्रामला गांधीजींचा सहवास लाभला.

१६ ऑगस्ट १९४२ चा चिमूरचा उठाव आपल्या जिल्ह्याला सांगायला नको. नागपंचमीच्या त्या दिवशी बालाजी रायपूरकर गोळीबारात हुतात्मा झाले. या जागृतीमागे महाराजांची भजने होती हे सरकारने ओळखले. त्याच महिन्यात त्यांना अटक झाली. नागपूर व रायपूरचा तुरुंग घडला.

सुटकेनंतर गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा खेडोपाडी पसरल्या. शाखेला इमारत लागत नसे, वर्गणीचा डोंगर लागत नसे. ठरलेल्या वेळी सर्व जातिधर्मांच्या माणसांनी एकत्र बसून प्रार्थना करायची आणि सकाळी हाती झाडू घ्यायचा. काम लहान, पण रोजचे. आणि ते करणारा माणूस त्याच गावचा. एक्केचाळीस अध्यायांची ग्रामगीताही त्यांनी गावालाच देव मानून लिहिली. १९५५ साली जपानच्या विश्वधर्म परिषदेस जाऊन आलेला हा माणूस पुन्हा खेड्याच्याच वाटेला लागला.

११ ऑक्टोबर १९६८ रोजी महाराज गेले. २००५ मध्ये नागपूर विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले. २०११ साली गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ झाले आणि आपली महाविद्यालये तिकडे जोडली गेली. त्यामुळे आपल्या पदवीपत्रावर आता ते नाव नसते. तरी त्या चौथ्या गावात संध्याकाळी खंजिरी वाजतेच.

मित्रहो, आमच्या तीन शाखा का मोडल्या ते मला उशिरा कळले. आम्ही गावाला पदाधिकारी दिले. रोजचे काम दिले नाही. भाषण करून आम्ही शेवटच्या एस. टी. ने परतलो. यंदा त्या तीन गावांत आम्ही नवा फलक नेणार नाही. आधी गावातल्याच मुलांना वेळ ठरवायला सांगू, मग एक काम. फलकाचे पुढे पाहू.